ईगल रिव्हर फ्लॅट्सच्या गाळात नेमकं काय होतं?

अलास्कात अँकरेज शहराच्या शेजारी फोर्ट रिचर्डसन हा अमेरिकी लष्कराचा जुना तळ आहे. हिमनदीचं गढूळ पाणी घेऊन येणारी ईगल नदी या तळाच्या हद्दीतून वाहते आणि कुक इनलेटच्या निक आर्म या फाट्याला मिळते. तिच्या मुखाशी सुमारे 865 हेक्टरचं खाजण आहे. उथळ डबकी, लव्हाळ्याचे पट्टे, चिखलाची सपाटी, आणि मोठ्या उधाणाला हे सगळं पाण्याखाली. या जागेला ईगल रिव्हर फ्लॅट्स म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून तोफांचे आणि मॉर्टरचे सरावाचे गोळे इथे पडत आले. आणि दर वसंतात, दर शरदात स्थलांतर करणारी हजारो बदकं याच डबक्यांत उतरत आली.

1980च्या दशकाच्या सुरुवातीला इथे मेलेली बदकं दिसू लागली. एखाददुसरं नव्हे. अंदाज होता वर्षाला 1,000 ते 2,000 बदकं आणि 10 ते 50 हंस. मॅलार्ड, तलवार बदक, छोटी टील, शिवाय ट्रम्पेटर आणि टुंड्रा हे दोन्ही जातींचे हंस. यातलं तलवार बदक आपल्या ओळखीचं आहे. हीच जात हिवाळ्यात नांदूरमधमेश्वरला आणि जायकवाडीला येते, अर्थात ती सायबेरियाच्या बाजूने, अलास्कातून नाही. मेलेले पक्षी हाडामांसाने धडधाकट होते. चांगले पोसलेले, अंगावर जखम नाही, आणि तरी डबक्याच्या काठाला पडलेले.

दहा वर्षं याचं कारण सापडलं नाही. गाळातली स्फोटकं तपासणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण बारकाईने वाचावं असं मला वाटतं, आणि त्याचं कारण या दहा वर्षांत आहे. जागा लष्करी, वर्षानुवर्षं गोळे पडलेली, पक्षी मरताहेत, म्हणजे गाळात दारूगोळ्याचं काहीतरी आहे हा अंदाज कोणालाही आला असता. तो बरोबरही होता. अडचण त्याच्या पुढच्या पायरीवर होती.

यादीत नसलेलं विष

पाणपक्षी घाऊक मरू लागले की आधी बोट्युलिझम (जिवाणूंच्या विषाने होणारी बाधा), पक्ष्यांचा कॉलरा, शिकाऱ्यांच्या छऱ्यांतलं शिसं यांचा विचार होतो. इथे त्यातलं काही बसेना. मग लष्कर, अमेरिकेची पर्यावरण संस्था, केंद्राचा आणि राज्याचा वन्यजीव विभाग असे सगळे एकत्र बसले आणि संशय दारूगोळ्यातल्या रसायनांकडे वळला. 1990च्या फेब्रुवारीत लष्कराने तिथला गोळीबार थांबवला. त्याच वर्षी न्यू हॅम्पशरमधल्या हॅनोव्हर इथली लष्कराची कोल्ड रीजन्स रिसर्च अँड इंजिनिअरिंग लॅबोरेटरी, थोडक्यात क्रेल, कामाला लागली. चार्ल्स रॅसीन हे वनस्पती आणि परिसंस्थेचे अभ्यासक, मेरियन वॉल्श या रसायनतज्ज्ञ, आणि डार्टमथ मेडिकल स्कूलचे विषशास्त्रज्ञ बी. डी. रोबक ही त्यातली मुख्य मंडळी.

लष्करी जागेवर माती किंवा गाळ तपासायचा म्हटलं की हात आपोआप स्फोटकं शोधायच्या एका ठरलेल्या पद्धतीकडे जातो. पुढे ती 8330 या क्रमांकाने अमेरिकेची अधिकृत पद्धत झाली. ती घडली क्रेलमध्येच, थॉमस जेंकिन्स यांच्या गटाच्या हातून. तिच्या मूळ यादीत 14 संयुगं आहेत: टीएनटी, आरडीएक्स, एचएमएक्स, टेट्रिल, डायनायट्रोटोल्युइन आणि त्यांची भावंडं. नमुना हवेवर वाळवायचा, खलून चाळायचा, अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये अल्ट्रासॉनिक बाथमध्ये 18 तास ठेवायचा, गाळून द्रव क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातली संयुगं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर, चढवायचा. काम उत्तम होतं. ईगल रिव्हरच्या गाळातही या यादीतली स्फोटकं शोधली गेली, आणि एका मर्यादित भागात मिळालेलं 2,4-डायनायट्रोटोल्युइन वगळता म्हणण्यासारखं काही हाती लागलं नाही. हे संयुग तोफेच्या दारूत असतं. एवढ्या मोठ्या दलदलीत दरवर्षी हजारभर बदकं मरण्याचा उलगडा त्यातून होत नव्हता.

खरं कारण होतं पांढरा फॉस्फरस. धुराचा पडदा उभा करायला आणि निशाणी दाखवायला वापरतात तो. तो स्फोटक नाही, ज्वालाग्राही आहे, म्हणून स्फोटकांच्या यादीत त्याला जागाच नव्हती. शिवाय सगळ्यांचा समज असा होता की हवा लागली की तो पेट घेतो आणि जळून संपतो, मागे उरणार काय? साधारण 30 अंश सेल्सिअसला दमट हवेत तो स्वतःहून पेटतो, 44 अंशांना वितळतो. असल्या पदार्थाचा साठा एखाद्या दलदलीत वर्षानुवर्षं पडून राहील हे कोणाच्या डोक्यात येणं कठीणच होतं.

समजा कोणाच्या डोक्यात आलंही असतं. ठरलेल्या पद्धतीची पहिलीच पायरी म्हणजे नमुना हवेवर वाळवणं, आणि गाळ वाळला की फॉस्फरस बाष्प होऊन उडतो आणि हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून नाहीसा होतो. म्हणजे बरणीत विष असलं तरी ते यंत्रापर्यंत पोचायच्या आत प्रयोगशाळेच्या ताटलीवरच संपलं असतं, आणि अहवालात 'आढळले नाही' असं आलं असतं. टीएनटीसाठी जे योग्य, तेच फॉस्फरससाठी पुरावा पुसणारं. नमुना तयार करण्याच्या पायऱ्यांकडे आपण हमाली काम म्हणून पाहतो आणि सगळं लक्ष यंत्राकडे देतो. या प्रकरणात निकाल त्या पायऱ्यांवरच ठरला असता.

पक्ष्यापासून मागे

गाठ सुटली ती पक्ष्यांकडे नीट पाहिल्यामुळे. डबक्यात चरलेली बदकं आधी सुस्तावत. मग पुन्हा पुन्हा पाणी पीत, डोकं झटकत आणि गरगर फिरवत. शेवटी आचके येऊन मरत. हा रोग नव्हे, पोटात गेलेल्या तीव्र विषाचा प्रकार आहे. बदकं चोच गाळात खुपसून बिया आणि किडे चाळून खातात. त्यामुळे गाळात काय आहे यापेक्षा गाळातलं काय गिळलं जातंय हा प्रश्न जास्त नेमका होता.

म्हणून मेलेल्या पक्ष्यांची पेषणी तपासली गेली. पेषणी म्हणजे पक्ष्याचं दाणे दळणारं जाड भिंतीचं जठर, ज्यात तो मुद्दाम गिळलेले बारीक खडे साठवतो. गोळा केलेल्या प्रत्येक मृत पक्ष्याच्या पेषणीत पांढरा फॉस्फरस निघाला. बदकं आणि हंस जिथे चरत त्या डबक्यांच्या गाळातही निघाला. मग पाळीव मॅलार्डना ठरावीक मात्रा देऊन पाहिली, तर रानातल्या बदकांत दिसली तीच लक्षणं जवळजवळ त्याच क्रमाने दिसली. पांढरा फॉस्फरस निसर्गात कुठेही आपोआप तयार होत नाही. तो तिथे आला असेल तर गोळ्यातूनच. गाळ, पेषणी आणि प्रयोगातलं बदक अशा तिन्ही बाजूंनी पुरावा जुळला आणि 1992मध्ये 'जर्नल ऑफ वाइल्डलाइफ डिसीजेस'मध्ये तो छापून आला.

इथे थोडं थांबून एक सांगायला हवं. फॉस्फरसने पाणपक्षी मरतात हे ज्ञान नवं नव्हतं. 1950मध्येच अमेरिकेत औषधशास्त्राच्या एका नियतकालिकात पाणपक्ष्यांच्या फॉस्फरस-विषबाधेवर लेख आला होता. गाळात तो टिकतो हेही एकदा दिसलं होतं. 1969मध्ये कॅनडात न्यूफाउंडलंडच्या लाँग हार्बर इथे फॉस्फरसच्या कारखान्याचं सांडपाणी समुद्रात गेलं, प्लासेन्शिया उपसागरातले हेरिंग मासे लालभडक होऊन मेले, आणि खाडीच्या तळाच्या चिखलात फॉस्फरस सापडला. त्या दुर्घटनेतूनच अ‍ॅडिसन आणि अ‍ॅकमन या दोघांनी वायू क्रोमॅटोग्राफीने मूलद्रव्य फॉस्फरस मोजायची पद्धत बसवली, 1970मध्ये. म्हणजे ईगल रिव्हरला पहिली बदकं मेली तेव्हा विष माहीत होतं, चिखलातलं त्याचं टिकणं माहीत होतं, मोजायची रीतही होती. फक्त ती तीन वेगवेगळ्या विषयांच्या कपाटांत होती. पक्ष्यांचा डॉक्टर, माशांचा रसायनतज्ज्ञ आणि तोफखान्याचा अधिकारी एका टेबलाशी आले असते तर कितीतरी हंस वाचले असते. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गोळा हवेत फुटला की पेटलेले तुकडे चौफेर उडतात. जमिनीवर पडले तर जळून जातात. पण खाली गुडघाभर पाणी असेल तर विझतात आणि तळाशी बसतात. पांढऱ्या फॉस्फरसची घनता 1.82, म्हणजे पाण्याच्या जवळजवळ दुप्पट; आणि पाण्यात तो विरघळतो लिटरला काही मिलिग्रॅम एवढाच. तळाच्या काळ्या चिखलात प्राणवायू नाही. गाळ पाण्याने गच्च भरलेला असेपर्यंत तो कण जसाच्या तसा राहतो. प्रयोगशाळेत भिजलेल्या गाळात ठेवलेल्या कणांत मोजण्याइतकी घटही झाली नाही.

बरणी भरायची कशी

वॉल्श यांनी गाळासाठी बसवलेली रीत पुढे 7580 या क्रमांकाने अधिकृत झाली. तिचा सगळा रोख हवा आत येऊ न देण्यावर आहे. बरणी गाळाने आणि पाण्याने काठोकाठ भरायची, झाकणाखाली हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही, उजेडापासून दूर, थंड ठेवायची. वाळवणं पूर्ण बंद. साधारण 40 ग्रॅम ओला गाळ घ्यायचा, त्यात हवा काढून टाकलेलं पाणी आणि फॉस्फरस विरघळवून घेणारं आयसोऑक्टेन घालायचं, बराच वेळ हलवत ठेवायचं आणि आयसोऑक्टेनचा वरचा थर वायू क्रोमॅटोग्राफवर चढवायचा. तिथला नायट्रोजन-फॉस्फरस डिटेक्टर अगदी सूक्ष्म मात्राही पकडतो.

दलदलीच्या काठावर लगेच कळावं म्हणून एक साधी चाचणीही होती. अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या ताटलीत गाळाचा पातळ लेप द्यायचा आणि ताटली हॉट प्लेटवर तापवायची. गाळ सुकत आला की जिथे फॉस्फरसचा कण असेल तिथे पिवळी ज्योत भपकन उठते, लसणाचा उग्र वास येतो आणि मागे नारिंगी डाग उरतो. कण होता की नव्हता, आणि किती होते, डोळ्यांसमोर दिसतं. मला ही चाचणी फार आवडते. ती सरासरी सांगत नाही, कण दाखवते, आणि बदकाचा जीव सरासरीने जात नाही, कणाने जातो.

सोपं गणित मांडून पाहू. मॅलार्डना घन स्वरूपात दिलेल्या फॉस्फरसची निम्मे पक्षी मारणारी मात्रा किलो वजनामागे सुमारे 4 मिलिग्रॅम आहे. 2 मिलिमीटर व्यासाच्या एका गोल कणाचं वजन साधारण 7.6 मिलिग्रॅम भरतं. म्हणजे किलोभर वजनाच्या मॅलार्डला असा एक कण पुरून उरतो. टीलसारख्या छोट्या बदकाला मिलिमीटरहून थोडा मोठा कणही खूप झाला. आता डबक्याच्या तळाचा एक चौरस मीटर घ्या, वरचा 5 सेंटिमीटरचा थर. ओला गाळ अंदाजे 75 किलो. त्यात 2 मिलिमीटरचा एकच कण असेल तर सरासरी येते किलोला 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे कागदावर क्षुल्लक. आणि त्या चौरस मीटरमधून 40 ग्रॅमची एक बरणी उचलली तर तो कण तिच्यात येण्याची शक्यता सुमारे 1,900त एक.

तांदळातला खडा दाताखाली येतो तेव्हा पोत्यात किलोमागे खडे किती हे कोणी विचारत नाही. पण लष्करी जागांवरच्या कितीतरी तपासण्या तोच प्रश्न विचारतात. चार बरण्या भरायच्या, चारही कोऱ्या आल्या की जागा स्वच्छ. पाचवीत योगायोगाने कण आला तर आकडा एकदम आभाळाला भिडतो आणि मग तो आकडा चुकीचा ठरवण्यासाठी बैठका होतात. दोन्ही बरण्या खरंच बोलत असतात. चूक एका बरणीवरून जागेविषयी बोलण्यात आहे.

क्रेलच्या मंडळींनी यावर जो मार्ग काढला तो साधा आणि कष्टाचा होता. एका डबक्यातून ठरावीक अंतरावर गाळाचे अनेक लहान लहान डाव, म्हणजे पळीपळीभर नमुने, उचलायचे, सगळे एकत्र करायचे, पाण्याखालीच चाळून साधारण अर्ध्या मिलिमीटरहून मोठे कण वेगळे करायचे, आणि तेवढेच तपासायचे. बदक चोचीने करतं तेच इथे चाळणीने. पुढे स्फोटकांच्या बाबतीतही हाच विचार रुळला. 2006च्या सुधारित 8330बी पद्धतीत एका क्षेत्रातून 30 किंवा अधिक डाव घेऊन किलोभराचा एक मिश्र नमुना करायला आणि तो सगळाच्या सगळा दळायला सांगितलं आहे, कारण अर्धवट फुटलेल्या गोळ्यातून टीएनटी आणि आरडीएक्सही खड्यांच्या रूपातच विखुरतात.

हे सगळं करायचं कुठे, तर न फुटलेल्या गोळ्यांनी भरलेल्या दलदलीत. बॉम्ब निकामी करणारे जवान सोबत असल्याशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं. गाळातून नमुना काढणारा हात आणि खाली पुरलेला गोळा यांत वीतभर चिखल. नमुन्यांची जाळी कागदावर आखणं सोपं असतं. इथे ती आखताना जीव मुठीत धरून काम करणारी माणसं होती, आणि कमी बरण्यांत जास्त सांगणारी पद्धत शोधण्यामागे हेही एक मोठं कारण होतं.

गाळ वाळवणं, या वेळी मुद्दाम

1994मध्ये फोर्ट रिचर्डसन सुपरफंडच्या, म्हणजे विषारी जागा साफ करण्याच्या अमेरिकी सरकारी कार्यक्रमाच्या, राष्ट्रीय प्राधान्य यादीत गेलं. दूरनियंत्रित ड्रेजरने गाळ उपसून पाहिला. न फुटलेल्या गोळ्यांमुळे काम रेंगाळलं. पक्ष्यांना हुसकावून पाहिलं. काही जागी खडी आणि बेंटोनाइट मातीचं आच्छादन टाकलं. शेवटी जो उपाय मुख्य ठरला तो या प्रकरणातल्या रसायनशास्त्रातूनच आला. प्रयोगशाळेच्या ताटलीवर वाळवल्याने फॉस्फरस नाहीसा होतो ना, मग डबकंच वाळवायचं.

1998च्या सप्टेंबरमध्ये या उपायावर शिक्कामोर्तब झालं. दोन मोठ्या उधाणांच्या मधल्या काळात पंप लावून डबकी उपसायची, गाळाचा वरचा थर उन्हाने सुकू द्यायचा, कण आपोआप उडून जातील. उद्दिष्टंही आकड्यांत लिहिली: 5 वर्षांत फॉस्फरसमुळे होणारे बदकांचे मृत्यू 1996च्या निम्म्यावर, आणि 20 वर्षांत शरदातल्या एकूण बदकांच्या 1 टक्क्याच्या आत.

उपाय चालतोय की नाही हे तपासायची रीत मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. गोळ्यांतून पडलेले कण कुठे आहेत हे माहीत नसताना ते कमी झाले हे सिद्ध कसं करणार? म्हणून त्यांनी 1.8 मिलिमीटर व्यासाचे, 5.6 मिलिग्रॅम वजनाचे एकसारखे कण प्रयोगशाळेत बनवले, हंगामाच्या सुरुवातीला ठरावीक जागी गाळात पेरले, आणि शेवटी उकरून किती उरलं ते मोजलं. सोबत गाळाचा ओलावा आणि तापमान नोंदणारी यंत्रं. कोरडा उन्हाळा गेला तर पेरलेले कण झपाट्याने घटत. उधाण मध्येच येऊन डबकं भरलं की गाळ पुन्हा भिजे आणि सगळं तिथेच थांबे. पुढच्या काही वर्षांत बदकांचे मृत्यू खूप खाली आले. ज्या खोलगट जागा नीट उपसता येत नाहीत तिथे मात्र विष तसंच राहण्याची शक्यता उरली.

पांढऱ्या फॉस्फरसचे गोळे तिथे पुन्हा वापरले गेले नाहीत, आणि पाणथळ जागी ते डागायला अमेरिकी लष्कराने देशभर मनाई केली. इतर गोळ्यांचा सराव पुढे सुरू झाला तो हिवाळ्यापुरता, दलदल गोठलेली असताना. आता हा तळ हवाई दलाच्या एल्मेंडॉर्फ तळाशी जोडला गेला आहे आणि बाराही महिने सराव करू देण्याचा प्रस्ताव पुढे आलेला आहे. विरोधाचं एक कारण म्हणजे ईगल नदीच्या मुखात शिरणारे कुक इनलेटचे बेलुगा देवमासे. 2008पासून ते अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहेत. दुसरं कारण गाळातलंच आहे. उन्हाळ्यात बर्फाचं कवच नसताना पडलेला गोळा खड्डा पाडतो, आणि खाली दबलेला जुना कण वर चरणाऱ्या चोचीपर्यंत आणू शकतो. त्यामुळे असा निर्णय घेण्याआधी न वाळलेल्या डबक्यांतून मिश्र नमुने घ्यावेत, ते ओलेच ठेवावेत, चाळून कण शोधावेत, आणि त्याच बरणीतून टीएनटी-आरडीएक्ससाठी वेगळा भाग काढून मगच तो वाळवावा, असं माझं ठाम मत आहे.